अर्धा अंश

४ तारीख, सोमवार

परत येणारं पाणी आज पुन्हा अर्ध्या अंशाने वर गेलं. कामाचा सलग तिसरा दिवस. रजिस्टरमध्ये लिहिलं, सही केली. पण रजिस्टरमध्ये आकड्यापलीकडे काही लिहिता येत नाही, म्हणून ही वही काढली. बर्फाच्या कारखान्यात होतो तेव्हाही माझी अशी एक वही असायची. यंत्र बिघडलं की माणसाने आधी स्वतःशी नीट बोलावं आणि मग पान्याला हात लावावा, असं माझं मत आहे.

तर पहिल्यापासून लिहितो. इथे अंतराळात घालायचे सूट तपासतात. मला आधी वाटायचं, तिकडे गारठून मरायची भीती असेल. उलटंच निघालं. सूट म्हणजे थर्मास. आतली ऊब बाहेर जातच नाही आणि आतला माणूस स्वतःच्याच उबेने उकडतो. स्वस्थ बसला तरी माणूस शंभर वॉटच्या दिव्याइतका तापतो, चढ चढायला लागला की चार-पाच दिव्यांइतका. म्हणून अंगालगतच्या कपड्यात नव्वद मीटर बारीक नळी शिवलेली असते आणि तिच्यातून पाणी फिरत राहतं. जाताना गार, येताना कोमट. किती कोमट होऊन आलं, त्यावरून आतल्या माणसाचं काय चाललंय ते बाहेर कळतं. गार पाणी पुरवणं हे माझं काम. टाकी माझी, बर्फ माझा, पाण्याचा कॉक माझ्या हातात.

सूट घालणारी एकच. ती आत शिरली की नुसती मान दिसते, म्हणून सगळे तिला कासव म्हणतात, आणि ती रागावत नाही. पूर्वी ती पाण्याखाली उतरून जहाजांच्या बुडाला वेल्डिंग करायची. वय सत्तेचाळीस. लग्न झालं होतं, मोडलं, त्यालाही बारा वर्षं झाली. मला ती बर्फवाले म्हणते. मी इथे येऊन अकरा महिने झाले.

अठ्ठावीस तारखेला तिला निर्वात खोलीत जायचंय. त्या खोलीतली हवा शेवटच्या फुंकरीपर्यंत काढून घेतात, म्हणजे दाराच्या आत अवकाशच. वर जायचं तिचं वय गेलं, हे ती स्वतःच सांगते. ही खोली म्हणजेच तिचं अवकाश, आणि त्यासाठी ती चार वर्षं थांबली आहे. पण नियम असा की एकाही आकड्याचं कारण कळलेलं नसेल तर दार बंद होत नाही. बिघाड, कारण, दुरुस्ती, असे तीन रकाने भरून द्यावे लागतात. अठ्ठावीस चुकली तर पुढची पाळी दीड वर्षाने, आणि तोवर या खोलीसाठीचीही तिची वयाची मुदत संपलेली असेल.

पहिला रकाना माझ्यामुळे भरला गेला आहे. उरलेले दोन मलाच भरायला हवेत.

५ तारीख, मंगळवार

पाण्याची उष्णता मोजणारा काटा बदलला. दहा वाजता कासव सूट घालून फिरत्या पट्ट्यावर चालायला लागली. दहा-दहाला मी बर्फ भरून जागेवर आलो, हेडफोन लावला, म्हटलं, ‘‘पाणी सोडतोय.’’ ती म्हणाली, ‘‘सोडा, बर्फवाले.’’ दहा-बाराला अर्धा अंश वर.

काटा निर्दोष. जुना परत बसवला.

६ तारीख, बुधवार

कारखान्यात माझे वस्ताद सांगायचे, बिघाडाच्या मागे धावू नकोस, अदलाबदल कर. चांगल्या यंत्रातला एक भाग काढ, बिघडलेल्यात घाल. एका वेळी एकच. ज्या भागाबरोबर बिघाड हलला तो भाग चोर. तीस वर्षांत या पद्धतीने मला एकदाही दगा दिला नाही.

आज पंप बदलला. तरी अर्धा अंश.

दुपारी चहाला कासव माझ्याच टेबलावर येऊन बसली. म्हणाली, इथे पंख्याचं वारं येतं. खरं तर पंखा पलीकडच्या टोकाला आहे. पण दिवसभर सुटात राहून माणसाला वाऱ्याचा अंदाज राहत नसेल. मी म्हटलं, बिघाड सापडेल, काळजी करू नका. ती म्हणाली, ‘‘मी कुठे करतेय? तुमचाच चेहरा उतरलाय.’’

८ तारीख, शुक्रवार

आज हौदात. सूट घालून पाण्यात बुडवलं की वजन जाणवत नाही, तरंगत काम करायचा सराव होतो. हौदाचं पाणी गार असतं, पण त्या गारव्याचा आतल्या माणसाला काडीचा उपयोग नाही, थर्मास तो थर्मासच. काठावरून लांब नळी सोडून माझं पाणी तिच्यापर्यंत पोचवावं लागतं.

मी खूश होतो. खोली वेगळी, टाकी वेगळी, नळी वेगळी. बिघाड आता इथे यायचा नाही, म्हणजे तो वरच्या खोलीतच आहे, असा माझा हिशेब. हेडफोन लावला. म्हटलं, ‘‘पाणी सोडतोय, खाली ठीक ना?’’ ती म्हणाली, ‘‘मासे नाहीत, तेवढीच उणीव.’’ मी म्हटलं, ‘‘बाजारातून दोन आणून सोडतो.’’ ती हसली.

दोन मिनिटांत अर्धा अंश वर.

मॅडमना जाऊन सांगितलं. मॅडम म्हणजे आमच्या मुख्य इंजिनिअर, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि माझ्याहून दुप्पट गंभीर. त्यांनी आलेख बराच वेळ पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा आलेखाकडे. म्हणाल्या, ‘‘तुम्ही सगळं लिहून ठेवताय ना? ठेवा. एकही गोष्ट गाळू नका.’’ डोक्याला ताप आहे नुसता.

११ तारीख, सोमवार

आईचे डोळे तपासायला न्यायचे होते, रजा घेतली. एका डोळ्याचा चष्मा वाढला. संध्याकाळी मॅडमना फोन केला. आज कॉकवर त्या स्वतः बसल्या होत्या. अर्धा अंश आला नाही. आकडा दिवसभर सरळ रेषेत.

बिघाड आपोआप गेला म्हणायचं. मला आनंद व्हायला हवा होता. पण आपोआप गेलेला बिघाड पाहुण्यासारखा असतो, पिशवी विसरलो म्हणून पुन्हा येतो.

१२ तारीख, मंगळवार

आला.

सकाळी तिने विचारलं, आईचे डोळे कसे आहेत. मी रजा कशासाठी घेतली हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, फक्त मॅडमना. ऑफिसात गोष्टी पसरतात. मी सांगितलं, डाव्याचा नंबर वाढलाय, उजवा ठणठणीत आहे. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. चालता चालता ऐकत होती, तरी पाऊल चुकलं नाही.

दहा-तेराला अर्धा अंश.

१३ तारीख, बुधवार

आज कामाचं काही नाही, पण लिहावंसं वाटतं.

चहाला कासवाने विचारलं, निर्वात खोलीत तर तुमची बर्फाची टाकी नसणार, मग मला गार कोण ठेवणार? मला फार बरं वाटलं, कारण हा सगळ्या सुटातला माझा आवडता भाग. तिथे पाठीवर एक धातूचा पत्रा असतो, त्याला डोळ्याला दिसणार नाहीत इतकी बारीक छिद्रं. त्यांतून थोडंसं पाणी बाहेर झिरपू द्यायचं. बाहेर हवाच नाही, त्यामुळे पाण्याचा जागच्या जागी बर्फ होतो. आणि तो बर्फ वितळतही नाही, थेट वाफ होऊन उडतो. उडताना आतली ऊब घेऊन जातो. मग पुन्हा पाणी झिरपतं, पुन्हा बर्फ. तासाला साधारण अर्धा लीटर पाणी गेलं की आतला माणूस सुखी. मी तीस वर्षं एवढाल्या यंत्रांनी बर्फ केला. तिकडे पोकळी तो नुसत्या पत्र्यावर करते, आवाजसुद्धा न करता. हे मला पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी जेवलो नव्हतो.

इथे वरच्या खोलीत तो पत्रा चालत नाही. हवेचा दाब असला की पाणी नुसतं ठिबकतं. म्हणून इथे मी लागतो.

हे सगळं मी तिला सांगितलं. ती हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘‘पुन्हा सांगा, बर्फ वितळत का नाही ते नीट कळलं नाही.’’ मी पुन्हा सांगितलं. नवल वाटलं. चार वर्षं याच कामात, डोक्याने इतकी तल्लख, आणि तिला पत्रा कसा चालतो ते कुणी धड सांगितलेलं नव्हतं.

परत आलो तर टाकीवर लोकरीचे हातमोजे ठेवलेले. माझ्या मापाचे, राखाडी. बर्फात हात घालून माझी बोटं फुटतात, ते सुरक्षा विभागाच्या लक्षात आलं असावं. आभाराची चिठ्ठी त्यांच्याकडे पाठवली.

१५ तारीख, शुक्रवार

विरळ हवेच्या कपाटात चाचणी. लाल ग्रहावर हवा आहे, पण नावापुरती, आपल्याकडच्या हवेचा शंभरावा भागही नाही. नावापुरती असली तरी पत्र्याचं काम बिघडवते, त्यावर बर्फ नीट धरत नाही. म्हणून तिकडच्या सुटात पत्रा नसतो, पातळ पडद्याच्या नळ्या असतात. पडदा पाणी आत ठेवतो आणि वाफ तेवढी बाहेर सोडतो. थोडक्यात, सुटाला घाम येतो. जागा बदलली की गार करायची रीत बदलावी लागते. आतला माणूस मात्र सगळीकडे सारखाच तापतो.

कपाटात कासवाने तासभर हातांची कामं केली. मी मध्ये एकदा विचारलं, बोटं गार पडताहेत का. म्हणाली, ‘‘आहेत ठीक. तुमची?’’ म्हटलं, माझी मोज्यात आहेत, सुरक्षा विभागाने दिलेत. मग म्हणाली, ‘‘सुरक्षा विभागाला लोकर विणता येते, हे मला माहीत नव्हतं.’’ मलाही माहीत नव्हतं.

अर्धा अंश. इथेसुद्धा. खोलीत बर्फाची टाकी, हौदात लांब नळी, कपाटात पडद्याच्या नळ्या. तिन्ही ठिकाणी गार करायची पद्धत निराळी, आणि बिघाड तोच. याचा अर्थ बिघाड थंडाव्याच्या बाजूला नाहीच.

मग तिन्हीकडे सारखं काय आहे? ती आहे. तिला मॅडमनी डॉक्टरांकडून तपासून घेतलं, ठणठणीत आहे. आणि दुसरं, बोलण्याची लाईन आहे. माझा हेडफोन.

१८ तारीख, सोमवार

हेडफोन बदलला. तारही बदलली. तरी अर्धा अंश.

मग मुद्दाम एक प्रयोग केला. हेडफोन लावला पण अवाक्षर बोललो नाही. नेहमीसारखं ‘पाणी सोडतोय’ सुद्धा नाही, नुसतं सोडलं. चौथ्या मिनिटाला तिने विचारलं, ‘‘बर्फवाले, आहात ना?’’ मी गप्प. सहाव्याला पुन्हा विचारलं. आकडा सरळ. आठव्याला तिने मॅडमना विचारलं, ‘‘ते आज आले नाहीत का? त्यांच्या आईला काही झालं का?’’ हे ऐकून मला राहवलं नाही. म्हटलं, ‘‘आहे, आहे. आई बरी आहे. प्रयोग चालू होता.’’

अर्धा नाही, पाऊण अंश.

मी कॉक थोडा उघडला. जास्त उघडून चालत नाही. एकदम गार पाणी सोडलं की कातडी आखडून घेते आणि आतली ऊब आतच कोंडते, माणूस वरून गार आणि आतून गरम. तिच्यासाठी किती उघडायचा ते मला आता न बघता कळतं. ती गुणगुणायची थांबली की पाव फेरा. बडबड वाढली की तिला गार लागतंय, पाव फेरा मागे. हे कुठल्या काट्यावर दिसत नाही.

१९ तारीख, मंगळवार

जेवताना आईला सगळं सांगितलं. काटा, पंप, हौद, कपाट, हेडफोन. आईने विचारलं, ‘‘म्हणजे तू बोललास की त्या बाईचं पाणी तापतं?’’ म्हटलं, हो, नेमकं तसंच. ‘‘आणि दुसरं कुणी बोललं तर?’’ म्हटलं, दुसरं कुणी बोललं तर नाही, मॅडम बोलल्या होत्या तेव्हा रेषा सरळ होती.

आई इतकी हसली की तिला उचकी लागली, पाणी द्यावं लागलं. मग चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाली, ‘‘अरे ठोंब्या, मोजे कुणी विणले?’’ म्हटलं, सुरक्षा विभाग. ती पुन्हा हसायला लागली. उतारवयात माणसं कशालाही हसतात.

पण तिच्या प्रश्नांचा एक फायदा झाला. जे मी दोन आठवडे चाचपडत होतो ते तिने दोन वाक्यांत समोर मांडलं. तार बदलली, हेडफोन बदलला, खोली बदलली, पाणी बदललं. एकच भाग बदलायचा राहिला.

२१ तारीख, गुरुवार

बदलला. म्हणजे मी पंपाच्या खोलीत तळमजल्यावर जाऊन बसलो, आणि वर मॅडम बोलल्या. दोन तास रेषा सरळ.

चोर सापडला. बिघाड मी आहे.

कसा, ते मला कळत नाही. माझ्या आवाजात काहीतरी असेल, एखादा खालचा सूर, जो तारेतून जाऊन काट्याला हलवत असेल. बर्फाच्या कारखान्यात तीस वर्षं यंत्रांवर ओरडून ओरडून माझा आवाज बिघडलाय, हे आईही म्हणते. कारण शोधायला आता वेळ नाही. सात दिवस राहिलेत. तिच्या चार वर्षांपुढे माझ्या आवाजाची काय किंमत.

२२ तारीख, शुक्रवार

मॅडमना पत्र दिलं. लिहिलं की, बिघाडाचं कारण कॉकवर बसणारा माणूस आहे असं अदलाबदलीने सिद्ध झालेलं आहे, तरी मला तळमजल्यावर पंपांच्या देखभालीला टाकावं आणि कॉक दुसऱ्या कुणाकडे द्यावा. सोबत कासवाला किती पाणी कधी लागतं त्याची चार पानं जोडली. गुणगुणणं, बडबड, चढावर श्वास कसा होतो, हाताचं काम असलं की आधीच पाव फेरा, दुपारनंतर थोडं कमी, रागावली असेल तर काही विचारू नये, आपणहून द्यावं.

मॅडमनी पत्र वाचलं. मग चार पानं वाचली, सावकाश. म्हणाल्या, ‘‘हे मी सोमवारपर्यंत माझ्याकडे ठेवते.’’ आणि मग, ‘‘तुम्हाला खरंच वाटतं हे आवाजाच्या सुरामुळे आहे?’’ म्हटलं, दुसरं काय असणार? त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. हसू आवरल्यासारखं वाटलं, पण त्या हसत नाहीत, त्यामुळे खोकला असेल.

२४ तारीख, रविवार

घरातली पाण्याची टाकी धुतली. आईच्या खोलीतली खिडकी अडकायची, ती रंधा मारून सारखी केली. चपला शिवून आणल्या. तरी दुपारचे तीनच वाजले होते.

इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. मला वाईट वाटतंय. काम गेल्याचं नाही, पंपही मला आवडतात. पण उद्यापासून दहा-दहाला ‘पाणी सोडतोय’ म्हणायचं नाही आणि ‘सोडा, बर्फवाले’ ऐकायचं नाही, हे मनात आलं की खिडकी सारखी करतानाही हात थांबत होता. अकरा महिने मी एका माणसाच्या अंगाची ऊब मोजली. ती चढावर दमते कधी, कंटाळते कधी, खुशीत असते कधी, सगळं पाण्यावरून ओळखलं. आणि एवढं सगळं कळूनही मीच तिचा बिघाड निघालो.

आई मघाशी येऊन शेजारी बसली. म्हणाली, ‘‘उद्या ते राखाडी मोजे घालून जा.’’ म्हटलं, पंपाच्या खोलीत बर्फ नसतो. म्हणाली, ‘‘तरी घालून जा.’’

२५ तारीख, सोमवार

आजचं सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी, मॅडमचं उत्तर यायच्या आधीच, पंपाच्या खोलीत जाऊन बसलो होतो. दार ढकलून कासव आत आली. सूट नव्हता, साधे कपडे, आणि हातात माझं पत्र. चार पानांसकट. मॅडमनी तिला वाचायला दिलं होतं. तिचा पारा चढला होता, ते तर पाण्याशिवायही कळत होतं.

म्हणाली, ‘‘हे काय आहे?’’

म्हटलं, ‘‘बिघाड सापडलाय.’’

‘‘कोण?’’

‘‘मी.’’

‘‘आणि तुम्ही मला सोडून इथे खाली बसणार?’’

म्हटलं, दार बंद व्हायला हवं ना. अठ्ठावीस तारीख आहे. मी पद्धतशीर तपासलंय, एका वेळी एकच भाग. मी तिला आलेख दाखवले, तारखा दाखवल्या. तिने सगळं ऐकून घेतलं, एकदाही मध्ये बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘बर्फवाले, तुम्ही अर्धीच अदलाबदल केलीत. लाईनला दोन टोकं असतात. तुम्ही आपल्याच टोकाचे भाग बदलत बसलात. माझं टोक कुठे बदललंत?’’

हे मात्र खरं होतं. वस्ताद असते तर कान पकडला असता.

मग अर्ध्या तासाने मी वरच्या खोलीत, अंगात तो नळ्यांचा कपडा. नव्वद मीटर नळी आणि माझं पोट, दोन्ही मिळून फार शोभिवंत दिसत नाहीत. मॅडमनी बाहेरचा सूट घालून दिला, काच लावली. पट्टा सुरू झाला. इतके महिने मी ते पाणी दुसऱ्याला देत होतो. आज पहिल्यांदा ते माझ्या पाठीवरून फिरलं आणि कळलं, ते कुणीतरी हळूच हात फिरवावा तसं लागतं. पहिली दहा मिनिटं मॅडम बोलत होत्या. त्यांनी हवामान सांगितलं, पंपाचा दाब सांगितला. रेषा सरळ.

मग हेडफोनमध्ये खुडबुड झाली आणि तिचा आवाज आला. ‘‘पाणी सोडतेय.’’

मी म्हटलं, ‘‘सोडा.’’

म्हणाली, ‘‘पत्रा कसा चालतो ते मला चार वर्षांपासून माहीत आहे. बर्फ वितळत का नाही तेही. मला तुम्ही सांगताना ऐकायचं होतं. मोजे मी विणले. उजव्याचा अंगठा दोनदा उसवला. पंखा त्या टोकाला आहे, तोही मला दिसतो. आणि तुम्ही त्या चार पानांत जे लिहिलंय, रागावली असेल तर काही विचारू नये, आपणहून द्यावं, तसं आजपर्यंत माझ्यासाठी कुणी केलेलं नाही. लिहिलेलं तर नाहीच.’’

पट्टा चालू होता. मी चालत होतो का, ते आठवत नाही. कानाच्या पाळ्या तापल्या, मग मान, मग सगळी पाठ. गार पाणी फिरत होतं आणि काही उपयोग नव्हता.

बाहेरून तिने आकडा वाचला, अगदी रजिस्टरमध्ये लिहायचा तसा. ‘‘परत येणारं पाणी, दीड अंश वर.’’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘‘तुमचा बिघाड माझ्या तिप्पट आहे.’’

तेव्हा मला कळलं. एक्कावन्न वर्षांचा माणूस, तीस वर्षं यंत्रं उघडून आत बघणारा, आणि हे कळायला अंगात नव्वद मीटर नळी घालावी लागली. आईला पहिल्या घासाला कळलं होतं. मॅडमना आलेख पाहून कळलं होतं.

मी तिला म्हटलं, ‘‘मला गरम होतंय.’’ याहून शहाणं काही सुचलं नाही.

ती म्हणाली, ‘‘माहितीये.’’ आणि कॉक पाव फेरा उघडला. बरोबर पाव.

२६ तारीख, मंगळवार

तीन रकाने भरले. ‘कारण’ हा रकाना मीच लिहायला घेतला आणि अर्धा तास पेन हातात धरून बसलो. शेवटी मॅडमनी कागद ओढून घेतला आणि लिहिलं: ‘ओळखीचा आवाज ऐकल्यावर सूट घालणाऱ्याच्या हृदयाचे ठोके नैसर्गिकपणे वाढतात आणि अंग तापतं; दोन्ही टोकं बदलून खात्री केली आहे.’ दुरुस्तीच्या रकान्यात मी लिहिलं, ‘करू नये.’ मॅडमनी ते खोडून ‘गरज नाही’ केलं. म्हणाल्या, समितीला मत नको असतं. आकडे दोघांचेही जोडले.

संध्याकाळी समितीचा होकार आला. कॉकवर नेहमीचाच माणूस राहील, असंही त्यात होतं.

घरी आल्यावर आईने तोंड बघून काही विचारलं नाही. जास्तीची एक ताटली काढून पुसत बसली. म्हटलं, अजून काहीच ठरलेलं नाही. म्हणाली, ‘‘धूळ बसली होती म्हणून पुसतेय.’’

२८ तारीख, गुरुवार

दार साडेनऊला बंद झालं. हवा काढायला सव्वा तास लागला. जाड काचेतून ती दिसत होती, पांढरी, फुगलेली, हळू. त्या खोलीत माझी टाकी नाही, बर्फ नाही, नळी नाही. कॉक तेवढा तारेने जोडून बाहेर माझ्या हाताशी दिलाय. लाईनवर आम्हा दोघांशिवाय आणखी अकरा जण होते. डॉक्टर, दाबाच्या काट्यावरचे दोघं, समितीचे लोक, मागे उभ्या मॅडम.

दहा-पंचावन्नला पत्र्याने बर्फ धरला. काट्यावर आधी दिसलं, मग तिने सांगितलं. ‘‘बर्फवाले, पाठीला गार लागलं.’’ तीस वर्षांत मी किती टन बर्फ केला त्याची मोजदाद नाही, पण इतका पातळ आणि इतका चांगला कधी झाला नव्हता. डोळे भरून आले. मोज्याने पुसले, लोकर टोचते.

थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘‘इथे काहीच नाही. आवाज नाही, वारं नाही. जहाजाखाली निदान पाणी तरी असायचं.’’ आवाज बारीक झाला होता. घाबरली नव्हती, पण चार वर्षं ज्याची वाट पाहिली तिथे पोचल्यावर माणूस थोडा एकटा पडतो, असं मला वाटलं. काहीतरी बोलायला हवं होतं. पत्र्याबद्दल बोललो असतो, पण ते तिला माहीत आहे.

म्हटलं, ‘‘दार उघडल्यावर मला तुम्हाला लग्नाचं विचारायचं आहे.’’

लाईनवर कुणीतरी पेन खाली पाडलं. समितीच्या गृहस्थांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडम काट्याकडे पाहत होत्या.

ती म्हणाली, ‘‘दार उघडायला अजून पाच तास आहेत. तोवर मी इथे काय करू? आत्ताच विचारा.’’

विचारलं. कसं, कोणत्या शब्दांत, ते इथे लिहीत नाही. अकरा जणांनी ऐकलंय, तेवढं पुरे.

ती म्हणाली, ‘‘हो.’’ आणि मग, ‘‘आता जरा पाणी बघा.’’

सव्वा अंश वर गेलं होतं. माझा हात कॉकवर होता आणि मी तसाच तिच्याकडे बघत बसलो होतो. अकरा महिन्यांत पहिल्यांदा मी फिरवायचं विसरलो. मागून मॅडमनी हात पुढे केला आणि पाव फेरा उघडला.